शेवटची ओळ कोणी पळवली?

“मेलो असतो तर हा जिना चढून आलो असतो का?”

हे वाक्य पार्टिशनच्या पलीकडून आलं. छपाईखोली आणि निवृत्तांची खिडकी यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसतं लाकडी पार्टिशन होतं, आणि त्याला चिकटून वहिनींची खुर्ची होती. पलीकडे कोणी धापा टाकत असला तर त्या धापाही वहिनींच्या कानात पडायच्या.

“गेल्या महिन्यात येऊन सही केली, अंगठाही दिला. तेव्हा जिवंत होतो. आता परत विचारतायत, आहात का म्हणून! मध्ये काय घडलं असं वाटतं यांना?”

“आजोबा, मी काय करू? वरून पत्र आलंय,” खिडकीवरचा कारकून म्हणाला.

“वरून पत्र यायचं माझं वय झालंच आहे. पण हे तुमच्या ऑफिसातून आलंय!”

वहिनींनी हातातला कागद खाली ठेवला. सकाळपासून हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

हे ऑफिस निवृत्त माणसांच्या वेतनाचं काम पाहायचं. वर्षातून एकदा ते प्रत्येकाला पत्र पाठवून अदबीने विचारी, की आपण हयात आहात काय. पत्राच्या तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरात, एक ओळ असे: ‘यापूर्वी कळवले असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे.’ इतकी वर्षं ती ओळ मुकाट्याने तिथे बसून होती. नवं छपाईयंत्र आलं आणि ती नाहीशी झाली. मग जे लोक आपण जिवंत असल्याचं आधीच कळवून मोकळे झाले होते, ते सगळे पुन्हा कळवायला येऊ लागले. आणि येताना भलतेच जिवंत असायचे.

“वहिनी,” समोरच्या टेबलावरून आवाज आला, “ऐकलंत? एक ओळ भरदिवसा नाहीशी होते. ही चूक नाही. हा गुन्हा आहे.”

आवाज भिंगरावांचा होता. ऑफिसच्या लेखी ते छपाई तपासनीस. स्वतःच्या लेखी ते बरंच काही होते, आणि ते काय होते हे सांगायला त्यांना कोणी विचारावंच लागत नसे.

“देवाने कोणाला हात दिले, कोणाला डोकं दिलं. मला नजर दिली. कागदावर माशी बसून उडाली तरी ती कुठल्या पायावर जोर देऊन उडाली, हे मी सांगतो. या इमारतीत अशी वस्तू नाही जी या डोळ्यांतून सुटेल.” असं म्हणून त्यांनी चहा समजून गोंदाची बाटली उचलली.

वहिनींनी ती अलगद काढून घेतली आणि त्यांच्या हातात कप दिला. हे दोघांच्याही इतकं अंगवळणी पडलं होतं, की बोलण्यात खंडही पडला नाही.

भिंगरावांना हे नाव पडलं ते त्यांच्या भिंगामुळे. पितळी दांड्याचं, गोल, जुनं भिंग. ते त्यांच्या खिशातून निघालं की समजावं, आता कोणावर तरी आळ येणार. याच भिंगाच्या जोरावर त्यांनी हरवलेल्या छत्रीचा छडा लावताना शेजारच्या विभागातल्या तिघांचे जबाब घेतले होते. छत्री तेव्हा त्यांच्याच दंडावर लटकत होती. भिंगाबद्दल आणखी एक गोष्ट होती, जी सगळ्या ऑफिसला ठाऊक होती. त्यातली काच मागेच कधीतरी गळून पडली होती. उरली होती ती नुसती पितळी कडी. भिंगराव त्या कडीतून एक डोळा मिटून बघायचे, ‘हं’ म्हणायचे, आणि आजूबाजूची माणसं खिडकीबाहेर बघायची.

का बघायची, त्यालाही कारण होतं. भिंगरावांच्या आधीच्या तपासनिसाला चष्मा लागला, तसं त्याला तळघरातल्या आवक विभागात पाठवलं गेलं. तिथे येणाऱ्या पाकिटांवर शिक्के मारायचे असतात. आग लागली तर बाहेर कसं पडायचं याची कवायत असली की तेवढा तो वर येई, उजेडाकडे बघून डोळे मिचकावी आणि कवायत संपली की खाली जाई. भिंगराव त्याच्याकडे कधी पाहत नसत.

आता त्या नव्या यंत्राविषयी. छपाईखोलीत दोन यंत्रं होती. जुन्याला सगळे थोरली म्हणायचे, नव्याला धाकटी. दोघी वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे वेगवेगळ्या घरांतून आलेल्या जावाच म्हणायच्या, आणि एकीचं बोलणं दुसरीला कळेल तर शपथ. मागच्या थंड खोलीतला मेनफ्रेम, म्हणजे ऑफिसचा तो कपाटांएवढा संगणक, जन्मभर थोरलीशी बोललेला. कुठली ओळ कुठल्या फॉन्टात छापायची हे तो थोरलीच्या भाषेत सांगायचा. तिच्याकडे प्रत्येक फॉन्टला लांबलचक सांकेतिक नाव होतं. धाकटी आपल्या फॉन्टांना नुसत्या आकड्यांनी ओळखायची. म्हणून दोघींच्या मध्ये एक तक्ता घालावा लागला: थोरलीचा अमका फॉन्ट म्हणजे धाकटीचा तमका.

तक्ता करायला माप लागतं. थोरलीच्या पुस्तकात एका इंचात किती अक्षरं बसतात ते दिलेलं. धाकटीच्या पुस्तकात अक्षराची उंची दिलेली. एकीने रुंदी सांगायची, दुसरीने उंची. स्थळ बघायला बसलेल्या दोन घरांसारखं सरळ उत्तर कोणी देईना. डोकं लावून हिशोब जुळवता आला असता. भिंगरावांनी पुस्तकं मिटून बाजूला सारली.

“आकडे कारकुनांसाठी असतात, वहिनी. आपण नजरेने जुळवायचं.”

मग दोघं कितीतरी दिवस खिडकीपाशी नमुन्याचे कागद पसरून बसले. भिंगराव एका हातात थोरलीचा नमुना धरायचे, दुसऱ्या हातात धाकटीचा, आणि म्हणायचे, “हा नाही... हाही नाही... हा फारच पुसट. हा! हाच तो. घ्या.” वहिनी आकडा टाइप करायच्या. एकदा त्यांनी विचारलं होतं, “साहेब, नक्की ना?”

“स्वच्छ दिसतोय!”

वहिनींनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो कोपरात जराही न वाकता ताठ पुढे गेला होता, कागद चावेल की काय अशा बेताने. अजून लांब गेला असता, पण हात संपला होता. वहिनींनी आकडा टाइप केला.

त्यांचंही या खोलीवाचून पान हलत नव्हतं. त्या आल्या होत्या कागदांच्या चळती लावायला. तिथून बघता बघता अक्षरांच्या नादी लागल्या आणि कोणी न शिकवता शिकल्या. आता कोणाच्या घरचं आमंत्रण आलं तरी त्या आधी कशाचं आहे ते बघत नसत. ‘र’ची शेपटी बघत. घरचे म्हणत, “अगं, बारसं आहे की लग्न?” वहिनी म्हणत, “जाडी जरा जास्त झालीय.”

त्या दिवशी दुपारी मोठ्या मॅडम स्वतः छपाईखोलीत आल्या. त्यांचा एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर असायचा, आणि त्या बहुतेक वेळा तिसरा शोधत असायच्या.

“ओळ जाते कुठे, ते मला उद्या जेवणाच्या सुट्टीच्या आत कळलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “नाही कळलं, तर छपाई बाहेरच्या कंत्राटदाराला देते. खोली बंद. तुम्ही दोघं आवकमध्ये.”

भिंगरावांनी खिशातून भिंग काढलं.

“उद्यापर्यंत कशाला? गुन्हेगार या मजल्यावरच आहे.”

पहिला संशय घडीवाल्यावर आला. पत्रांच्या घड्या घालणारं मशीन तो सांभाळायचा आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असायचा. भिंगरावांच्या मते हाच पुरावा.

“काल दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. मशीन सोडून जाता येत नाही.”

“म्हणजे गुन्हा घडला तेव्हा तुम्ही जागेवर होतात!”

“मी रोजच असतो, साहेब.”

“सराईत आहे,” भिंगराव वहिनींच्या कानाशी लागले. मग मोठ्याने म्हणाले, “तुमच्या मशीनच्या पात्याने पत्राची खालची कड कापली जाते. कबूल करा.”

“याला पातं नाही. हे घडी घालतं.”

“मग ओळ घडीत अडकली असेल.”

घडीवाल्याने भिंगरावांकडे बघितलं, मग वहिनींकडे. वहिनी मशीनवरची धूळ पुसू लागल्या. पुढचा बराच वेळ भिंगराव पत्रं उलगडून घडीत कडी घालून बघत होते. ओळ तिथे नव्हती.

दुसरा संशय कागदवाल्यावर. तो आखूड कागद देतो, आणि शेवटच्या ओळीला जागाच उरत नाही. भिंगरावांनी पट्टी मागवली, कागदावर ठेवली आणि मान मागे घेत घेत भिंतीला टेकवली.

“किती भरतंय, वहिनी? वाचा.”

“साहेब, पट्टी उलटी आहे.”

“मुद्दाम. गुन्हेगार सुलट विचार करतो, तर आपण उलट करायचा.”

वहिनींनी पट्टी सुलट केली. कागद होता तेवढाच होता. कागदवाला सुटला.

तिसरा संशय थंड खोलीत बसला होता. मेनफ्रेम गरम होऊ नये म्हणून ती खोली इतकी गार ठेवत, की तिथला माणूस बारा महिने स्वेटरमध्ये असायचा. सगळे त्याला स्वेटरवालाच म्हणायचे.

“शेवटच्या ओळीशी तुमचं काही वाकडं?” भिंगरावांनी आत शिरताच विचारलं.

“मला पहिल्या ओळीशीसुद्धा काही देणंघेणं नाही,” स्वेटरवाला म्हणाला. “माझ्याकडून सगळ्या ओळी निघतात. हे बघा, शेवटचीही आहे. पुढे तुमचा तक्ता लागतो. तक्ता कोणी केला?”

“मी.”

“कसा केला?”

“नजरेने.”

स्वेटरवाल्याने तोंड उघडलं. त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी त्याच्या स्वेटरच्या वरच्या बटणाकडे पाहिलं.

“फार थंडी आहे इथे,” स्वेटरवाला शेवटी म्हणाला. “तुम्ही आजारी पडाल. या आता.”

“घाबरला,” बाहेर आल्यावर भिंगराव म्हणाले. “तक्त्याचा विषय निघताच कसा गारठला, बघितलंत ना?”

“बघितलं,” वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी घरी जाताना वहिनींनी दोनदा ठरवलं, की उद्या साहेबांना सरळ सांगायचं. दोन्ही वेळा त्यांना तो कवायतीला वर येणारा माणूस आठवला. ओळीचं आणि साहेबांच्या डोळ्यांचं काही नातं असेल, असं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. डोळे हा डोळ्यांचा प्रश्न होता, ओळ हा ओळीचा. एकाला दुसऱ्याशी जोडायचं म्हणजे पहिला प्रश्न मनात का होईना, उच्चारावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी भिंगरावांनी सगळ्यांना छपाईखोलीत जमवलं. घडीवाला आला. स्वेटरवाला आला आणि उकाड्याने हैराण झाला. मोठ्या मॅडम दारातच उभ्या राहिल्या. पार्टिशनपलीकडे रांग इतकी वाढली होती, की जिवंत माणसांचा कलकलाट नुसता कानांवर आदळत होता.

“गुन्हेगार,” भिंगराव खोलीभर फिरत म्हणाले, “आपल्याच घरातला आहे. जी इतकी वर्षं राबली, आणि एक दिवस जिला कोपऱ्यात ढकलून वर प्लॅस्टिक पांघरलं...” त्यांनी गर्रकन वळून बोट दाखवलं. बोट घडीवाल्याकडे गेलं. वहिनींनी ते कोपराला धरून कोपऱ्यातल्या थोरलीकडे वळवलं. “ती! धाकटी आल्याचा सूड घेतेय.”

“थोरली बंद आहे ना?” मोठ्या मॅडमनी विचारलं.

“बाहेरून,” भिंगराव म्हणाले.

कोणी काही बोलायच्या आत पार्टिशनचं दार ढकलून एक बाई आत आल्या. हातात पत्र, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर रांगेचा राग. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली होती, पण खोलीत पाऊल टाकताच घडीवाला आपसूक सरळ उभा राहिला.

“हा इथे मिरवतोय, आणि मी तिकडे रांगेत!”

“अक्का!” भिंगरावांचा आवाज एकदम लहान झाला. ही त्यांची थोरली बहीण. यांना वाढवलं तिने, आणि अजूनही दोघं एकाच घरात राहत होते. “अक्का, इथे तपास चालू आहे.”

“चालू दे की. मी जिवंत आहे एवढं लिहून घे आणि मला सोड.”

“तुम्हालाही पत्र आलं?” मोठ्या मॅडम पुढे झाल्या. “पत्रात काही गडबड वाटली का हो तुम्हाला?”

“गडबड कसली? उलट यंदा पहिल्यांदा धड वाचता आलं. एरवी तुमची ती मुंगीएवढी अक्षरं! पत्र यायचं नि मी तसंच फडताळात टाकायचे. यंदा चांगली ठसठशीत केलीत. म्हणून तर वाचलं, म्हणून तर आले.” अक्कांनी पिशवी टेबलावर ठेवली. “माझ्या मागेपुढे रांगेत सगळे तेच म्हणतायत.”

“पण शेवटची ओळ गेली, अक्का!” भिंगराव कळवळून म्हणाले. “पळवली!”

“पळवतोय कोण? अक्षरं मोठी केलीत, कागद तेवढाच. तेवढ्याच ताटात मोठ्या वाट्या मांडल्या की शेवटची वाटी खाली पडणारच. यात तपास कसला करायचा?”



वहिनी पुढे झाल्या. थोरलीवर छापलेला जुना नमुना आणि धाकटीवरचं नवं पत्र घेऊन त्या खिडकीशी गेल्या आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून काचेला लावले. उजेडात दोन्ही मजकूर एकमेकांतून दिसू लागले. पहिली ओळ पहिल्या ओळीवर बसली. दुसरी जरा खाली आली. तिसरी आणखी खाली. अक्षर मोठं, म्हणून ओळ उंच, म्हणून प्रत्येक ओळ थोडी थोडी उतरत गेलेली. जुन्या कागदावर तळाला जिथे ती बारीक ओळ होती, तिथे नव्यावर तिच्या आधीची ओळ येऊन बसली होती. तिच्याखाली कागद नव्हता. कागदाबाहेरची ओळ धाकटी मुकाट्याने टाकून देत होती; कुरकुर करायचा तिचा स्वभाव नव्हता.

एका फॉन्टाचं नव्हे, सगळ्याच बारीक फॉन्टांचं तसं झालं होतं. ‘हा फारच पुसट.’ ‘हा! हाच तो.’ वहिनींच्या डोळ्यांसमोर तो ताठ हात उभा राहिला. जे दिसले नाहीत ते फॉन्ट साहेबांनी बाद केले होते आणि जे दिसले ते निवडले होते.

“म्हणजे तक्ता चुकला,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. “इतका मोठा फॉन्ट निवडला कोणी? आणि का?”

घडीवाला छताकडे बघू लागला. स्वेटरवाल्याने स्वेटरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. अक्कांनी बोलायला तोंड उघडलं, भावाकडे पाहिलं, आणि त्यांना एकाएकी पिशवीतलं काहीतरी शोधावंसं वाटलं. त्याही रोज सकाळी त्याला पेपर वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, मलाच मोठ्याने वाचायची सवय आहे.

“मी केला,” वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“तक्ता मी टाइप केला. साहेब बरोबर आकडा सांगत होते. मी शेजारचा दाबत गेले.” त्यांनी पदर सारखा केला. “चूक माझी आहे. आवकमध्ये पाठवायचं तर मला पाठवा. साहेबांना इथेच राहू द्या.”

मोठ्या मॅडमनी डोक्यावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा डोक्यावर केला. “असं असेल तर मला तसं लिहावं लागेल, वहिनी.”

“लिहा.”

“थांबा,” भिंगराव म्हणाले.

ते टेबलाला धरून उभे होते. आवाजात नेहमीचा डौल होता, पण तो कुणीतरी मागून ढकलल्यासारखा पुढे येत होता.

“हा कबुलीजबाब खोटा आहे. या बाईंनी आजवर कधी शेजारचा आकडा दाबलेला नाही. शिवाय त्या खोटं बोलल्या की पदर सारखा करतात. छत्रीच्या वेळीही केला होता. छत्री माझ्या दंडावर आहे हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं.”

आयुष्यातला त्यांचा हा पहिला बरोबर निष्कर्ष होता. वहिनींचा हात पदरावरच राहिला.

“साहेब, जाऊ द्या ना,” त्या हळूच म्हणाल्या.

भिंगरावांनी खिशातून भिंग काढलं. सवयीने डोळ्यापर्यंत नेलं, आणि अर्ध्यातच खाली घेतलं. मग पितळी कडीतून त्यांनी आपलं बोट आरपार घातलं आणि पलीकडच्या बाजूने सगळ्यांना हलवून दाखवलं.

“काच पडली तेव्हा खळ्ळकन आवाज झाला होता. मी ऐकला. मला वाटलं, कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही, मग मीही गप्प बसलो. बरं चाललं होतं आपलं.”

पार्टिशनपलीकडे एक म्हातारा खिडकीवरच्या कारकुनाला ठणकावून सांगत होता, की आपण आहोत, इथेच आहोत, नीट डोळे उघडून बघा.

“वहिनी, लिहून घ्या,” भिंगराव म्हणाले. “गुन्हेगार सापडला. तळघर तर तळघर.” त्यांनी मोठ्या मॅडमकडे तोंड केलं, आणि या वेळी वहिनींना ते वळवावं लागलं नाही.

“मला दिसत नाही.”